शिफ्ट बदलताना माहिती गळते, रोज मीटिंग घेऊनही माणसं एका दिशेला येत नाहीत. काय करावं?

शॉपफ्लोअर_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपमध्ये मी प्रॉडक्शन बघतो. ११ सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ), २ व्हीएमसी (उभी मिलिंग मशीनं), तीन शिफ्ट आणि सगळी मिळून ३८ माणसं. त्यातली १६ कायम, बाकी ठेकेदाराकडची आणि आयटीआय करून आलेली शिकाऊ मुलं. गाड्यांचे सुटे भाग बनवतो. गुरुवारी सुट्टी.

गेल्या महिन्यात काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

७ नंबर मशीनवर ३२ एच७ चा बोअर (नगातलं गोल भोक) चालू होता, म्हणजे माप ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटर. पहिली शिफ्ट तीनला सुटते. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजत चालला होता, बोअर खालच्या बाजूला सरकत, म्हणजे लहान होत होता. पहिल्या शिफ्टच्या सेटरनं पावणेतीनच्या पुढेमागे १५ मायक्रॉनचा (०.०१५ मिलिमीटर) ऑफसेट दिला, म्हणजे मशीनला बोअर तेवढा मोठा कापायला लावला. बरोबरच होतं त्याचं. पुढचा नग मशीनमध्ये असतानाच तो हात पुसून निघाला. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आला, त्यानं ट्रेमधला वरचा नग उचलला, बोअर डायल (भोक मोजायचं साधन) लावला, ३२.००३ आलं. हा नग ऑफसेट देण्याआधीचा होता, पण ते त्याला कसं कळणार? त्यानंही १५ मायक्रॉन दिला. झाला बोअर ३२.०३३. नो-गो गेज (बोअर मोठा झाला तरच आत जाणारं माप) ४ नंबरच्या मशीनवर गेला होता, तो आणायला कुणी उठलं नाही. संध्याकाळी इन्स्पेक्शनवाल्या ताई फिरत आल्या तेव्हा समजलं. ८१ नग. बोअर मोठा झाला की रिवर्क नसतो, सगळा माल भंगारात.

दोघंही चांगले कामगार आहेत. दोघांनीही काम केलंय, कुणी टाळलेलं नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

हे होऊ नये म्हणून मी जानेवारीपासूनच रोज सकाळी ७.०५ ला ऑफिसशेजारच्या मोकळ्या जागेत मीटिंग घेतोय. वीस मिनिटं. कालचं प्रॉडक्शन, कालचं रिजेक्शन, आजचं डिस्पॅच, सेफ्टी. पहिले आठ-दहा दिवस लोक बोलले. आता सगळे हाताची घडी घालून माझ्याकडे बघत उभे असतात. मी विचारतो, ‘काही अडचण?’ कुणी काही बोलत नाही. आणि मीटिंग संपली की चहाच्या टपरीवर तीच माणसं तासभर अडचणी सांगतात, एकमेकांना.

मालक म्हणतात कॅमेरे लावू आणि ज्याच्या हातून माल गेला त्याच्याकडून वसूल करू. मी दोन महिने मागून घेतलेत. रोजच्या रोज असं काय करावं की ३८ माणसं एका कामाची होतील? पुस्तकी नको, कुणी स्वतः केलेलं असेल तर सांगा.

मायक्रोमीटर

एक शंका. तुम्ही मीटिंग सकाळी सातला घेता. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टची माणसं त्यात कुठे असतात? आणि लॉगबुक नाही का मशीनवर?

शॉपफ्लोअर_भोसरी

दुसऱ्या-तिसऱ्या शिफ्टची मीटिंग शिफ्ट सुपरवायझरनं घ्यायची असं ठरलं होतं. होत नाही. लॉगबुक आहे, पण ते शिफ्ट संपताना एकदम भरतात. ‘मशीन ओके, माल चालू’ असं रोज एकच वाक्य. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता मागची पानं उलटून बघितली. ऑफसेटची नोंद तीन महिन्यांत चार ठिकाणी आहे.

निवृत्त_फोरमन_सातपूर

तुमचा ७ नंबरचा किस्सा वाचला आणि राहवलं नाही. मी टर्नर ट्रेडचा, १९७९ साली नाशिकच्या सातपूरला कामाला लागलो आणि फोरमन म्हणून २०१६ ला बाहेर पडलो. त्यातली बावीस-तेवीस वर्षं रोज सकाळी पोरांसमोर उभा राहिलोय, त्यामुळे या विषयावर मला लांबलचक बोलू द्या.

पहिलं म्हणजे तुमची जागा चुकली आहे. ऑफिसच्या शेजारी उभं केलंत की कामगार ऑफिसात आल्यासारखा उभा राहतो. हात पुसून, घडी घालून. त्याला मशीनपाशी उभं करा. तिथं त्याचा हात आपोआप चकवर जातो, ट्रेवर जातो, आणि हात गेला की तोंड उघडतं. मी हे कुठे वाचलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे एक स्लॉटिंगवाला होता, मीटिंगमध्ये वर्षभर गप्प. एकदा पावसाचं पाणी आलं म्हणून मीटिंग त्याच्या मशीनशेजारी घ्यावी लागली. त्या दिवशी तो दहा मिनिटं बोलला. क्लॅम्प कुठे सुटतो, कुणी बदलायला हवा, सगळं. तेव्हापासून मी पुन्हा कधी हॉलमध्ये गेलो नाही.

दुसरं, वीस मिनिटं फार होतात. दहा पुरे. त्यातली आठ त्यांची.

आता मुख्य गोष्ट. लोक का गप्प बसले? तुम्ही लिहिलंय की पहिले आठ-दहा दिवस बोलले. त्या दिवसांत ते जे बोलले त्याचं पुढे काय झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खरं सांगा, त्यातल्या किती गोष्टींचं उत्तर त्यांना परत मिळालं? माणूस एकदा सांगतो, दोनदा सांगतो. तिसऱ्यांदा तो चहाच्या टपरीवर सांगतो, कारण तिथं निदान कुणीतरी ‘हो ना राव’ म्हणतं.

आमच्याकडे १९८६ च्या सुमारास क्वालिटी सर्कल आलं. ही कल्पना जपानची, १९६२ पासून तिथं सुरू झाली, इशिकावा हे त्यामागचं मोठं नाव. आपल्याकडे १९८० साली भेलच्या हैदराबादच्या कारखान्यात पहिली सर्कल बसली आणि मग हळूहळू सगळीकडे पसरली. आम्ही पण केली. आठ-दहा जण एकत्र, आठवड्यातून एक तास, माशाच्या काट्यासारखी आकृती काढून कारणं शोधायची. सुरुवातीला खूप छान चाललं. मग स्पर्धा आल्या. कुणाचं सादरीकरण चांगलं, कुणाला ढाल मिळते, याला महत्त्व आलं. पोरं नाटकाच्या तालमीसारखी तालीम करायला लागली आणि मशीनवर गळणारा कूलंट तसाच गळत राहिला. मला त्याचं आजही दुःख आहे, कारण मूळ कल्पना सोन्यासारखी होती. जो मशीन चालवतो त्यालाच त्यातलं सगळ्यात जास्त कळतं, एवढंच त्यात होतं.

मग मी आमच्या लाइनपुरता एक काळा फळा लावला. तीन रकाने. पहिल्यात कुणी काय सांगितलं, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यात कोण करणार. तिसऱ्यात तारीख. पहिल्या दिवशी आलेली तक्रार अशी होती: इन्स्पेक्शनच्या टेबलावरची ट्यूब फडफडते, डोळे दुखतात. दुसऱ्या रकान्यात मी माझं स्वतःचं नाव लिहिलं. तिसऱ्यात दुसऱ्या दिवसाची तारीख. मेंटेनन्सला ट्यूब मिळेना, स्टोअरला इंडेंट पडून. मी संध्याकाळी सुटल्यावर दुकानातून स्वतः ट्यूब आणली आणि लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर त्या ओळीवर खडूची रेघ मारली. त्या एका रेघेनं जे काम केलं ते माझ्या दहा वर्षांच्या भाषणांनी केलं नव्हतं. त्या आठवड्यात फळ्यावर सतरा गोष्टी आल्या.

सतराच्या सतरा झाल्या नाहीत. कँटीनची वेळ बदला म्हणाले, ती माझ्या हातात नव्हती. मी व्यवस्थापकांना विचारलं, ते नाही म्हणाले. मी फळ्यावर लिहिलं, ‘होणार नाही’, आणि खाली कारण लिहिलं. पोरं नाराज झाली, पण पुढच्या दिवशी बोलायला आली. ‘नाही’ सांगितलं तर माणूस तुटत नाही. उत्तरच दिलं नाही तर तुटतो.

ऑफसेटचं तुमच्या लक्षात आलंय का? ती चूक दोन माणसांमधली नव्हती, दोन नगांमधली होती. शिळा नग मोजला गेला. आमच्याकडे नियम होता: जाणारा आणि येणारा, दोघं मिळून एक ताजा नग काढतील आणि दोघंही मोजतील. ताजा म्हणजे दोघांच्या डोळ्यांसमोर चकमधून निघालेला. त्याआधी जाणाऱ्यानं मशीन सोडायचं नाही. त्या दहा मिनिटांचे पैसे द्यावे लागतात. मालकांना सांगा, ८१ नगांच्या किमतीत किती महिन्यांची दहा-दहा मिनिटं बसतात ते कागदावर मांडून दाखवा.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या ठेकेदाराकडच्या पोरांत बिहार, ओडिशाची किती? मीटिंग मराठीत घेता का?

शॉपफ्लोअर_भोसरी

काका, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. जानेवारीतली माझी वही काढली. पहिल्या दहा दिवसांत लोकांनी २३ गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातल्या तीन झाल्या आहेत. उरलेल्या वीसबद्दल मी कुणालाही काहीही परत सांगितलेलं नाही. ‘बघतो’ म्हटलं आणि खरंच बघायचं राहून गेलं. ४ आणि ७ नंबरसाठी वेगळा नो-गो गेज घ्या, हे त्या यादीत नववं आहे. १४ जानेवारीला सांगितलं होतं त्यांनी. हे वाचल्यावर मला काल झोप लागली नाही.

ठेकेदाराची आणि शिकाऊ मिळून २२ पैकी १३ मुलं बाहेरची. मीटिंग मराठीत. ती मागच्या रांगेत उभी असतात.

निवृत्त_फोरमन_सातपूर

त्यांना पुढच्या रांगेत घ्या आणि त्या दहा मिनिटांत हिंदी बोला. मराठीचं प्रेम मलाही आहे, पण बोअरचं माप समोरच्याला कळलंच पाहिजे. हळूहळू ती मुलंच मराठी बोलायला लागतात. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असायची, त्या वेळी मी प्रत्येक मशीनवर नारळ त्या मशीनच्या ऑपरेटरच्या हातून फोडायचो, मग तो कायम असो की ठेक्याचा. एका ओडिशाच्या पोरानं त्या दिवशी मला विचारलं होतं, ‘साब, ये मशीन मेरे नाम पे है क्या?’ दुसऱ्या दिवसापासून तो त्या मशीनची गाइडवे स्वतःच्या रुमालानं पुसायचा.

वॉर्ड_सिस्टर

मी कारखान्यातली नाही. एका जनरल हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात इनचार्ज सिस्टर आहे. पण दादा, तुमचा ट्रेमधला शिळा नग वाचताना मला आमचीच एक गोष्ट आठवली. बीपी दुपारी दीडला घेतलेलं, रिपोर्टवर लिहिलेलं, आणि दोनला आलेल्या मुलीनं ते आत्ताचं समजून औषध दिलेलं. पेशंट सुदैवानं बरा राहिला. पण तेव्हापासून मी ओव्हर टेबलाशी बसून घेऊ देत नाही. (ड्यूटी बदलताना कामाचा चार्ज देतात त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो.)

आमची ड्यूटी ८ ते २, २ ते ८ आणि रात्रीची ८ ते ८. ओव्हर खाटेपाशी होते. जाणारी आणि येणारी दोघी उभ्या, पेशंटच्या पायाशी. सलाइनची जागा सुजली आहे का हे दोघींनी बघायचं. ड्रेनच्या (ऑपरेशनच्या जागेतून पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत किती आहे हे दोघींनी वाचायचं. शेवटचा डोस कधी दिला, कोणता रिपोर्ट यायचा आहे, नातेवाइकांना काय सांगितलंय. आणि शेवटी येणारी परत म्हणून दाखवते. ‘सात नंबर, दुसरा दिवस, ड्रेन ८०, तीनला अँटिबायोटिक, सोडियमचा रिपोर्ट बाकी.’ जाणारीनं ऐकलं आणि मान हलवली की मगच ती सुटते. परत म्हणून दाखवणं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. सांगितलं म्हणजे पोहोचलं असं नसतं, हे आम्हाला रोज दिसतं.

अमेरिकेत यासाठी एसबीएआर नावाची पद्धत आहे: आत्ता काय झालंय, मागची हकिकत काय, मला काय वाटतं, काय करावं. या चार पायऱ्यांत बोलायचं. ती मुळात तिथल्या नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आली आणि नंतर हॉस्पिटलांनी घेतली. आमच्या नवीन मुलींना मी ती मराठीत शिकवते. तिसरी पायरी, ‘मला काय वाटतं’, ही शिकवायला सगळ्यात अवघड जाते. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला डॉक्टरांसमोर ‘सर, मला हा पेशंट बरा वाटत नाहीये’ म्हणण्याचा धीर यायला वेळ लागतो. तो धीर तिला मीच द्यायचा असतो.

ऑपरेशन थिएटरमधलं एक उदाहरण सांगते, कारण ते तुमच्या मालकांना दाखवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये सर्जरीसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी, तीनदा थांबायचं. त्यातला एक मुद्दा असा की सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं. जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीचं एक होतं. २००९ मध्ये निकाल छापून आला. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं अशाच चेकलिस्टच्या वापराचा जाहीर अहवाल देणं हॉस्पिटलांना सक्तीचं केलं. १०१ हॉस्पिटलं. २०१४ मध्ये तिथला अभ्यास आला, त्यात म्हणण्यासारखा फरकच दिसला नाही. कागद जवळपास तोच. का फरक पडला नाही यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. मी थिएटरमध्ये चार वर्षं काढली आहेत, माझं मत सांगते. चौकटीत टिक करणारा हात आणि थांबून बघणारा माणूस यात फार अंतर असतं. ज्या थिएटरमध्ये सर्जन स्वतः हातातलं थांबवून नाव सांगतात, तिथं मावशीसुद्धा ‘सर, एक मॉप (रक्त टिपायचं कापड) कमी येतोय’ म्हणून ओरडते. जिथं ते ‘करून टाका भरभर’ म्हणतात, तिथं सगळ्या टिका वेळेवर होतात आणि मावशी गप्प राहते.

म्हणून दादा, तुमची शिफ्ट बदलताना पहिले काही दिवस तुम्ही स्वतः मशीनपाशी उभे राहा. तिन्ही वेळा.

सेटर_चाकण

मी ऑपरेटर म्हणून लागलो, आता सेटर आहे. सहा वर्षं झाली. साहेब, सगळे चांगलं सांगतायत, पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. तुमच्याकडे रिजेक्शन झालं की इन्सेन्टिव्ह कापतात का?

आमच्या आधीच्या कंपनीत कापायचे. त्यामुळे काय व्हायचं सांगतो. माल गेला की पोरं आधी आजूबाजूला बघायची. दोन-तीन नग असतील तर ते चिप्सच्या (मशीनमधून निघणाऱ्या धातूच्या कातरणाच्या) ट्रॉलीत खाली दाबले जायचे. शिफ्ट बदलताना पुढच्याला सांगायचं म्हणजे स्वतःवर लिहून घ्यायचं. मग कोण सांगेल? मीपण सांगितलं नाही. घरी लहान बहिणीची फी होती, महिन्याला हजार-बाराशे कापले जाणं परवडत नव्हतं. मी कामचुकार नव्हतो, पण गप्प होतो.

तुमचे मालक वसुली करू म्हणतायत. ती झाली तर फळा लावा नाहीतर मशीनपाशी मीटिंग घ्या, तुम्हाला खरं कुणी सांगणार नाही. आणि जो आधी खरं बोलायचा तोसुद्धा बंद होईल.

आताच्या कंपनीत जपानी पद्धत आहे. प्रत्येक स्टेशनवर दोरी आहे. अडचण दिसली की ओढायची, दिवा लागतो, लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही, नग त्या स्टेशनच्या खुणेपर्यंत जाईपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात सुटलं तर चालू राहतं, नाही सुटलं तर थांबते. पहिल्यांदा ओढली तेव्हा माझे हात थरथरत होते. लीडर आला आणि आधी ‘थँक्यू’ म्हणाला, मग विचारलं काय झालं. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

कोथरूड_टू_स्टुटगार्ट

सॉफ्टवेअरमधून थोडंसं. आमच्याकडे रोज पंधरा मिनिटं उभं राहून बोलण्याची पद्धत आहे. पूर्वी प्रत्येकानं तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असत: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. व्हायचं असं की प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून हजेरी द्यायचा, बाकीचे ऐकत नसत. २०२० च्या स्क्रम गाइडमधून, म्हणजे या पद्धतीच्या मूळ पुस्तिकेतून, ते तीन प्रश्न काढूनच टाकले आहेत. आम्ही आता माणसांऐवजी कामावरून जातो. बोर्डवर जे काम संपायला सगळ्यात जवळ आहे ते आधी, मग त्यामागचं. ‘हे पुढे का जात नाही?’ एवढाच प्रश्न. तुमच्याकडे हे डिस्पॅचच्या बाजूनं सुरू करता येईल: आज गाडीत काय चढायचं आहे, ते कुठे अडलंय, तिथून मागे मागे मशीनपर्यंत. आणि मीटिंग रोज तुम्हीच घेऊ नका. आठवड्याला वेगळा माणूस.

शॉपफ्लोअर_भोसरी

सेटर भाऊ, हो. कापतात. २ टक्क्यांच्या वर रिजेक्शन गेलं की त्या महिन्याचा निम्मा इन्सेन्टिव्ह जातो. चार वर्षांपूर्वी हा नियम मीच लिहून मालकांना दिला होता. शिस्त येईल असं मला मनापासून वाटलं होतं. तुमच्या बहिणीच्या फीबद्दल वाचून मी आमच्या पोरांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. उद्या मालकांशी बोलतो. सगळ्यांचे आभार, करून बघतो आणि कळवतो.

शॉपफ्लोअर_भोसरी

सहा आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, पण काहीतरी सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मालकांपुढे काकांनी सांगितल्याप्रमाणे हिशोब मांडला. कॅमेरे आणि वसुली दोन्ही मागे पडलं. इन्सेन्टिव्हवर मात्र दोन दिवस वाद झाला. शेवटी तीन महिन्यांसाठी असं ठरलं की ज्यानं स्वतः येऊन सांगितलं त्याचं रिजेक्शन त्याच्या खात्यात धरायचं नाही. शिफ्टची दहा मिनिटं जास्तीची, पगारी.

मग वीस गोष्टींची ती जुनी वही घेऊन मी सगळ्या शिफ्टच्या लोकांसमोर उभा राहिलो. एकेक वाचली आणि म्हणालो, हे तुम्ही सांगितलं होतं, मी उत्तर दिलं नाही, माझं चुकलं. हिंदीत बोललो. माझा घसा भरून आला होता, ते त्यांना दिसलं असणार. सगळ्यात आधी गेज आणला. नवीन ३२ एच७ चा प्लग गेज, ७ नंबरच्या मशीनला साखळीनं लटकवला. फळ्यावर त्या ओळीवर रेघ मारायला ज्यानं जानेवारीत सांगितलं होतं त्यालाच बोलावलं.

पहिल्या पंधरा दिवसांत कागदावरचं रिजेक्शन वाढलं. आठवड्याला १४-१५ नग दिसायचे ते २६ झाले. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हे काय चाललंय. मी सेटर भाऊंची चिप्सच्या ट्रॉलीची गोष्ट सांगितली आणि त्यांना घेऊन खाली गेलो. आम्ही दोघांनी मिळून भंगारातली एक जुनी ट्रॉली उपसली. नऊ नग निघाले, आमचेच, कुठल्याच कागदावर नसलेले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात आकडा ११ होता, आणि माझा त्या ११ वर विश्वास आहे.

मशीनपाशीच्या मीटिंगला आता आठ-नऊ मिनिटं लागतात. डिस्पॅचपासून मागे येतो, स्टुटगार्टकरांनी सांगितलं तसं. या आठवड्यात इन्स्पेक्शनच्या ताई घेतायत. पहिल्या दिवशी त्या फार हळू बोलल्या, मागच्यांना ऐकू येईना, तर सगळे पुढे सरकून त्यांच्याभोवती गोल उभे राहिले. आता तसेच गोल उभे राहतात, रांगा राहिल्याच नाहीत.

परवा रात्री अकराला मुद्दाम गेलो होतो. ७ नंबरवर ओडिशाचा मुलगा सुटणार होता आणि आमचा खेडचा मुलगा येणार होता. ताजा नग निघाला. ओडिशावाल्यानं आधी मोजला, काही न बोलता नग आणि डायल पुढे केला. खेडवाल्यानं मोजला, मग मोठ्यानं म्हणाला, ‘बत्तीस शून्य बारा.’ पहिल्यानं मराठीत उत्तर दिलं, ‘बरोबर. साडेदहाला पाच दिला, आता पन्नास नग हात लावू नको.’ ऑफसेट लिहायला मशीनवर ठेवलेल्या पाटीवर खडूनं वेळ आणि ५ लिहिलेलं होतंच. मी मशीनच्या मागे उभा होतो, दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

न झालेलंही सांगतो. तिसऱ्या शिफ्टचा चहा दोनऐवजी तीनला हवा, ही मागणी कँटीनवाल्यामुळे होत नाही. तसं फळ्यावर लिहिलंय. आणि तिसरी ते पहिली शिफ्ट, म्हणजे सकाळी सातचा बदल, अजून नीट होत नाही. रात्रभर जागलेला माणूस उभ्यानं पेंगतो, काय केलं ते त्याला आठवत नाही, आणि येणाऱ्याला घाई असते. सिस्टर, तुमच्याकडे बारा तासांची रात्र करून सकाळी आठला ओव्हर कशी देतात?

वॉर्ड_सिस्टर

दादा, वाचून फार बरं वाटलं.

रात्रीच्या मुलीला आम्ही सकाळी आठवायला लावतच नाही. ती पहाटे चारपासून, प्रत्येक राउंडला, खाटेच्या कागदावर तिथल्या तिथे लिहीत जाते. आठला उलटं होतं. येणारी कागद हातात घेऊन वाचते आणि पेशंटकडे बघते, जाणारी फक्त ‘हो’, ‘नाही’, ‘हे राहिलं’ एवढंच म्हणते. थकलेल्या माणसाला सांगणं जड जातं, पण समोरच्यानं चुकीचं वाचलं तर ते त्याला लगेच कळतं. तुमच्या मुलाला चारनंतरचा प्रत्येक ऑफसेट पाटीवर लिहू द्या, आणि सातला पाटी येणाऱ्याला वाचू द्या. आणि त्याला बसायला एक स्टूल द्या. आमच्याकडे देतो.

शॉपफ्लोअर_भोसरी

स्टूल आजच फळ्यावर लिहितो. माझ्या नावावर, उद्याची तारीख.